रंग बापाचा दिसतो, आईचा लपतो

गटारात डास खाणारा गप्पी मासा सर्वांना ठाऊक आहे. पण ‘वारसा’ या शब्दाचा खरा अर्थ याच माशाने शास्त्रज्ञांना समजावून दिला, हे फार थोड्यांना माहीत असेल. घरात मासे पाळणाऱ्यांनीच नव्हे, तर घरात मुली असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी ही कथा आहे.

तंजावूरच्या राजवाड्यात शिरणारा मराठी माणूस क्षणभर हरखून जातो. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या खोऱ्यात, दरबाराच्या रंगवलेल्या खांबांखाली आपलीच माणसे राज्य करीत होती, ही कल्पनाच सुखावणारी आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गादी स्थापन केली. पुढे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवून जगभर नाव मिळवले. हे सरफोजी दत्तक पुत्र होते. त्यांच्या हक्काबद्दल वाद झाले आणि त्यातून मार्ग निघून १७९८ साली ते गादीवर बसले.

त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये वारले. राजांना अनेक राण्या होत्या, मुलीही होत्या, पण पुत्र नव्हता. मुलीला राज्याचा वारसा मिळू शकत नाही, अशी भूमिका ईस्ट इंडिया कंपनीने घेतली आणि तंजावूरची मराठी गादी संपली. वारस म्हणजे मुलगा, हे माणसाने मांडलेले गणित एका राज्याच्या मुळावर आले.

पण निसर्गाचे गणित काय सांगते? बापाकडून मुलाकडे नेमके काय जाते? आणि आईकडून काय जाते? या प्रश्नांची अतिशय स्वच्छ उत्तरे मिळाली ती राजेरजवाड्यांच्या वंशावळीतून नव्हे, तर जेमतेम इंच-दीड इंचाच्या गप्पी माशातून.

टाकीतले कोडे

राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आजही तंजावुरी मराठी बोलणारी कुटुंबे राहतात. समजा, अशाच एका घरात शाळकरी मुलाच्या हट्टापायी काचेची टाकी आली. दुकानदाराकडून गप्पीची एक जोडी आणली. नर देखणा. त्याची शेपटी पंख्यासारखी, अंगावर नारिंगी, निळे, काळे ठिपके. मादी आकाराने मोठी, पण राखाडी आणि साधी. महिन्याभरात वीस-पंचवीस पिल्ले झाली. गप्पी अंडी घालत नाही, तो थेट पिल्लांना जन्म देतो. मुलगा खूष! पण दोन-तीन महिन्यांनी पाहावे तर काय, थोड्याच पिल्लांवर रंग आला. बाकीची राखाडीच राहिली. शिवाय रंगीत पिल्लांत एखादे असे निघाले, की त्याची पिवळी झाक ना बापात होती ना आईत.

“खाण तशी माती म्हणतात ते खोटं का मग, आजी?” असे मुलाने विचारले, तर आजीने काय सांगावे?

आजीने सांगावे, की बाळा, म्हण खरी आहे. तू खाणीचा अर्धाच भाग पाहिला आहेस.

राखाडी राहिलेली पिल्ले बहुतेक सगळ्या माद्या होत्या. गप्पीत रंगाचा थाट नराचा असतो. मादी साधीच दिसते. आणि कोठून आली हे न कळलेली पिवळी झाक आईने आणली होती. ती तिच्या अंगात होती, पण अंगावर नव्हती.

तंजावूर ते कोपनहेगन

हे कोडे प्रथम सुटले ते डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे. तंजावूरच्या वाचकाला हे शहर अगदीच परके वाटू नये. १६२० साली तंजावूरचे रघुनाथ नायक यांनी डॅनिश लोकांशी करार केला आणि समुद्रकाठचे तरंगंबाडी हे गाव त्यांना व्यापारासाठी दिले. इंग्रज त्याला ट्रंकेबार म्हणत. रघुनाथ नायकांचे सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले पत्र कोपनहेगनच्या अभिलेखागारात आजही जपलेले आहे. तंजावूरहून तरंगंबाडी सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मराठी राजांच्या काळातही तेथे डॅनिश वखार होती आणि १८४५ पर्यंत ती टिकली.

माशांच्या अभ्यासाशीही या गावाचे जुने नाते आहे. तरंगंबाडीला राहणारे मिशनरी ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन अठराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावरचे मासे गोळा करून बर्लिनच्या मार्कुस ब्लॉख या वैद्याकडे पाठवत. ब्लॉख हे त्या काळचे मोठे मत्स्यतज्ज्ञ होते. त्यांनी माशांच्या एका गटाला जॉन यांच्या नावावरून ‘जॉनियस’ असे नावच दिले. पण त्या काळचे काम म्हणजे मासा कसा दिसतो याचे वर्णन करणे आणि चित्र काढणे. तो तसा का दिसतो, हा प्रश्न अजून कोणाच्या हाती लागला नव्हता. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली छापले गेले आणि त्यांचे महत्त्व जगाला कळायला १९०० साल उजाडावे लागले.

त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे तंजावूरच्या करारानंतर बरोबर ३०० वर्षांनी, १९२० साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहानेस श्मिट यांनी गप्पीवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे गप्पीची दोन घराणी होती. एका घराण्यातल्या नरांच्या पाठीवरील परावर काळा ठिपका असे. दुसऱ्या घराण्यातल्या नरांना तो नसे. माद्या दोन्हीकडच्या सारख्याच साध्या.

श्मिट यांनी सोयरीक जुळवली. ठिपकेवाला नर आणि बिनठिपक्याच्या घराण्यातली मादी. झालेल्या सर्व मुलग्यांना ठिपका! मग उलट जोडी लावली. ठिपक्याच्या घराण्यातली मादी आणि बिनठिपक्याचा नर. एकाही मुलग्याला ठिपका नाही. नातवांतही तेच. ठिपका आजोबाकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे असा सरळ चालत आला. मुलींच्या वाटेला तो कधी गेलाच नाही.

याचे कारण असे. माणसाप्रमाणेच गप्पीतही लिंग ठरते ते गुणसूत्रांवर. मादीकडे दोन ‘एक्स’ असतात. नराकडे एक ‘एक्स’ आणि एक ‘वाय’. आई प्रत्येक पिल्लाला ‘एक्स’च देऊ शकते. बापाने ‘एक्स’ दिला तर मुलगी, ‘वाय’ दिला तर मुलगा. त्या काळ्या ठिपक्याचे जनुक ‘वाय’वर बसलेले होते, म्हणून ते फक्त मुलग्यांना मिळाले.

येथे थोडे थांबून विचार करावा. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. माशातही आणि माणसातही. तरी पिढ्यान् पिढ्या मुलगा झाला नाही म्हणून सुनेला बोल लावले गेले, दुसरी-तिसरी बायको आणली गेली. अनेक राण्या केल्या तरी गुणसूत्रांचा हिशेब बदलत नाही, हे राजवाड्यांनाही त्या काळी माहीत नव्हते. आज मात्र दहावीच्या पुस्तकात हे ज्ञान आहे. तरीही ते अनेक घरांच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

आईच्या ओटीतले रंग

श्मिट यांचा प्रयोग वाचून एखादा म्हणेल, “पाहा, बापाचे ते मुलाला! आई नावापुरती.” पण कथा येथे संपली नाही. डेन्मार्कचेच ओयविंड विंगे यांनी १९२२ पासून याच माशावर अधिक बारकाईने काम केले. त्यांना दिसले की नरावरचे सगळेच रंग ‘वाय’वरून येत नाहीत. काही रंगांची जनुके ‘एक्स’वर असतात, काही इतर साध्या गुणसूत्रांवर.

‘एक्स’वरचे रंग आई देते. पण ते रंग प्रकट होण्यासाठी नराच्या शरीरातील संप्रेरके लागतात, म्हणून आईच्या अंगावर ते दिसत नाहीत. तिच्या मुलाच्या अंगावर दिसतात. याचा पडताळा पुढे वेगळ्या रीतीनेही आला. मादीला नराचे संप्रेरक दिले, तर तिच्या साध्या राखाडी अंगावर रंग उमटू लागतात. ते बाहेरून आलेले नसतात. तिच्याच जनुकांत जन्मापासून झोपलेले असतात.

विंगे यांना आणखी एक गोष्ट दिसली. ‘एक्स’वरचा रंग कधी कधी ‘वाय’वर आणि ‘वाय’वरचा ‘एक्स’वर उडी मारतो. म्हणजे ज्याला आपण बापाचा खास वारसा म्हणतो, त्यातला एखादा रंग काही पिढ्यांपूर्वी एखाद्या आजीकडून आलेला असू शकतो!

उत्तम गप्पी तयार करणारे हे पक्के जाणून असतात. नवशिका फक्त देखणा नर शोधतो आणि मादी कोणतीही उचलतो. पहिल्याच पिढीत त्याच्या घराण्याचे रंग विस्कटतात आणि तो दुकानदाराला दोष देतो. अनुभवी माणूस आधी विचारतो, “या मादीचे भाऊ कसे होते? तिचा बाप कसा होता?” मादीचे रूप पाहून काही कळत नाही. तिचे घराणे पाहावे लागते.

रंग म्हणजे काय?

माशाचा रंग म्हणजे कापडाला द्यावा तसा एकच हात नव्हे. त्वचेत निरनिराळ्या रंगपेशी असतात. काही पेशींत काळे रंगद्रव्य असते, काहींत पिवळे ते तांबडे. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत रंग नसतोच. त्यांत सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते प्रकाश परावर्तित करतात. माशाच्या अंगावरची रुपेरी चमक आणि निळी झळाळी त्यांच्यामुळे येते. या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या बाजूला तयार होतात आणि तेथून अंगभर पसरतात. कोणती पेशी कोठे थांबेल, शेजारच्या पेशीला जवळ करील की दूर ढकलील, यावरून पट्टे आणि ठिपके ठरतात.

आपल्या गंगेच्या खोऱ्यातला झेब्राफिश याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. अंगावर निळे-सोनेरी आडवे पट्टे असलेला हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. मत्स्यपेट्यांत त्याचाच ठिपकेवाला भाऊबंद ‘लेपर्ड डॅनिओ’ म्हणून मिळतो. १९६३ मध्ये तर त्याला वेगळी जात मानून वेगळे नावही देण्यात आले होते. पुढे कळले की तो झेब्राफिशच आहे. रंगपेशींना एकमेकींशी ‘बोलायला’ मदत करणाऱ्या एका जनुकात बिघाड झाला, की पट्टे तुटून ठिपके होतात. जात तीच, रक्त तेच. बदलले ते एक जनुक.

दोन चिठ्ठ्यांचा हिशेब

आता जे रंग ‘एक्स’ आणि ‘वाय’ यांच्यावर नसतात, त्यांचा हिशेब पाहू. तो समजायला अगदी सोपा आहे.

अशा प्रत्येक गुणासाठी माशाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. गप्पीत ‘ब्लाँड’ नावाचा फिकट, पिवळसर प्रकार असतो. त्याची चिठ्ठी लाजाळू आहे. शेजारी राखाडी रंगाची चिठ्ठी असेल तर ती तोंड उघडत नाही. म्हणून राखाडी आणि ब्लाँड यांची पिल्ले सगळी राखाडी होतात. पण त्या प्रत्येकाच्या खिशात एक ब्लाँड चिठ्ठी असते. या भावंडांची आपसात जोडी लावली, तर सरासरी चारांत एक पिल्लू दोन्ही ब्लाँड चिठ्ठ्या घेऊन जन्मते आणि आजीचा फिकट रंग नातवंडात पुन्हा उगवतो. मधली पिढी तो रंग विसरली नव्हती, तिने तो जपून ठेवला होता.

काही चिठ्ठ्या मात्र अशा असतात की दोघी मिळून तिसरेच काही सांगतात. घरोघरी काचेच्या भांड्यात एकटाच राहणारा ‘फायटर’ मासा पाहा. एकाच भांड्यात दोन नर ठेवले तर ते लढतात, म्हणून त्याला एकटे ठेवावे लागते. त्याच्यात पोलादी निळा, गडद निळा आणि हिरवट निळा असे तीन प्रकार असतात. पोलादी आणि हिरवट यांची पिल्ले सगळीच्या सगळी गडद निळी! पण गडद निळ्याची गडद निळ्याशी जोडी लावली, तर चारांत एक पोलादी, दोन गडद आणि एक हिरवट, असे पुन्हा तिन्ही रंग निघतात. गडद निळ्याचे शुद्ध घराणे कधीच तयार होत नाही, कारण तो रंगच दोन वेगळ्या चिठ्ठ्यांचा आहे.

गोल्डफिशमध्येही हेच दिसते. हा मासा चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून पाळला जातो. १९२०–३० च्या दशकांत चेन या चिनी शास्त्रज्ञांनी त्याच्या रंगांचा पद्धतशीर अभ्यास केला. चमकदार खवल्यांचा मासा आणि पारदर्शक खवल्यांचा मासा यांच्या संकरातून निळ्या-तांबड्या-काळ्या ठिपक्यांचा सुंदर ‘कॅलिको’ होतो. पण दोन कॅलिकोंची पिल्ले निम्मीच कॅलिको निघतात. उरलेल्यांत निम्मी चमकदार आणि निम्मी पारदर्शक. “महाग जोडी आणली आणि पिल्ले भेसळीची निघाली,” अशी तक्रार करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. भेसळ नाही, तो निसर्गाचा चोख हिशेब आहे.

गोल्डफिश घेताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. त्याची पिल्ले जन्मतः करड्या-तपकिरी रंगाची असतात. सोनेरी रंग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी चढतो आणि एखादे पिल्लू जन्मभर करडेच राहते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांच्या पिल्लाला नापास करू नये.

माशाने सांगितलेली गोरेपणाची गोष्ट

झेब्राफिशमध्ये ‘गोल्डन’ नावाचा एक फिकट पट्ट्यांचा प्रकार आहे. तो फिकट का? २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील शास्त्रज्ञांनी याचे कारण असलेले जनुक शोधले. त्याचे नाव एसएलसी२४ए५. मग त्यांनी माणसाकडे पाहिले. माणसातही तेच जनुक आहे! त्याच्या एका रूपामुळे त्वचेत काळे रंगद्रव्य कमी तयार होते. युरोपीय लोकांत हे रूप जवळजवळ सर्वांकडे आढळते.

भारतात काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. त्यांना आढळले की भारतीयांतील हे फिकट रूप आणि युरोपीयांतील रूप एकाच मूळ पूर्वजाकडून आलेले आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अनेक समाजांत ते कमी-अधिक प्रमाणात विखुरलेले आहे. अर्थात त्वचेचा रंग एका जनुकावर ठरत नाही. त्यात अनेक जनुकांचा वाटा असतो. म्हणूनच एकाच आईबापांची एक मुलगी गोरी आणि दुसरी सावळी निघू शकते. “ही कोणावर गेली कोण जाणे,” हे बारशाला येणाऱ्या पाहुण्यांचे ठरलेले वाक्य! ती कोणावर गेली याचे उत्तर सोपे आहे. ती आईबापांनी जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर गेली. त्यात तिचाही दोष नाही आणि तिच्या आईचाही नाही. मुलीच्या लग्नाच्या बाजारात ज्या रंगावरून एवढी घासाघीस चालते, त्यातला एक मोठा धागा एका माशाच्या पट्ट्यांतून उलगडला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खोट्या रंगांपासून सावध

जो रंग वारशाने येतो, तोच पुढच्या पिढीत जातो. बाजारात मात्र तीन प्रकारचे उसने रंग असतात.

पहिला खाण्याचा. माशांच्या अंगावरील नारिंगी-तांबड्या रंगाचा काही भाग शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून मिळणाऱ्या द्रव्यांवर अवलंबून असतो. मासा ती द्रव्ये स्वतः तयार करू शकत नाही. चांगल्या खाण्यावरचा मासा तुमच्या घरी नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहिला तर फिका पडतो. यात फसवणूक नाही. खाणे सुधारा, रंग परत येईल.

दुसरा संप्रेरकाचा. वर सांगितल्याप्रमाणे संप्रेरक देऊन मादीला किंवा लहान पिल्लाला रंग आणता येतो. असा मासा दिसायला छान, पण पिल्लांसाठी बहुधा निरुपयोगी. गप्पीची मादी नरासारखी झगझगीत दिसू लागली, तर शंका घ्यावी.

तिसरा प्रकार सरळ क्रूर आहे. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत एक पारदर्शक काचमासा असतो. त्याच्या आरपार हाडे दिसतात. हेच त्याचे सौंदर्य. पण त्याच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवा, जांभळा रंग टोचून तो ‘रंगीत काचमासा’ म्हणून विकला गेला. एवढ्याशा जिवाला ती सुई म्हणजे भाल्यासारखीच. अशा माशांना जखमा होतात, रोग जडतात, अनेक मरतात. जे जगतात त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो आणि पिल्लांत तर तो जातच नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही तर हा धंदा आपोआप थांबेल, म्हणून तो मासा विकत घेऊ नये.

याउलट, २००३ साली अमेरिकेत विकायला आलेला चमकणारा झेब्राफिश पाहा. त्यात प्रवाळाचे जनुक घातलेले होते. असे करावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. पण तो रंग जनुकात असल्याने पिल्लांतही उतरतो. टोचलेला रंग आणि जनुकातला रंग यांतला फरक यावरून स्पष्ट व्हावा.

घरच्या घरी वंशावळ

चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांच्या पैदाशीवर आणि विक्रीवर कितीतरी कुटुंबांचे पोट चालते. घराच्या अंगणात, गच्चीवर सिमेंटच्या टाक्या असतात आणि घरातल्या बायकाही या कामात असतात. लहान प्रमाणावर हा उद्योग कोणालाही करता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

नर आणि मादी लवकर वेगळे करा. गप्पीची पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की निवड सुरू करावी. नराचा पोटाखालचा पर लांब आणि टोकदार होऊ लागतो. मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला गडद डाग दिसतो. उशीर झाला तर भावंडांतच पैदास होते.

दुकानातून आणलेली मोठी मादी बहुधा आधीच गाभण असते. शिवाय गप्पीची मादी नराचे बीज महिनोन् महिने अंगात साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुन्हा पुन्हा पिल्ले देते. तेव्हा तिची पहिली पिल्ले तुमच्याच नराची आहेत, असे धरून चालू नका. पैदाशीसाठी वेगळी वाढवलेली कोवळी मादीच घ्या.

एखाद्या मादीत कोणते रंग लपले आहेत हे पाहायचे असेल, तर तिची जोडी अगदी साध्या नराशी लावा. मुलग्यांवर जे नवे रंग दिसतील, त्यांतले बरेचसे आईच्या ओटीतले असतील.

पिढ्यान् पिढ्या एकाच टाकीतली भावंडे जोडत राहू नका. पिल्ले कमी होतात, वाकड्या कण्याची निघतात, रोगाला बळी पडतात. त्याच प्रकारचे मासे पाळणाऱ्या दुसऱ्या घराशी अधूनमधून देवघेव करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही ठेवा. सरफोजी राजांनी डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करताना प्रत्येक रोग्याची हकिकत टिपून ठेवली, डोळ्यांची चित्रे काढून घेतली. ती टिपणे सरस्वती महालात आजही आहेत. राजाला जर नोंद ठेवण्याचा कंटाळा आला नाही, तर आपल्याला का यावा? कोणत्या तारखेला कोणती जोडी लावली, पिल्ले किती झाली, नर किती, कोणत्या रंगाचे, हे लिहून ठेवा. रंगपेटी घेऊन मुलांकडून चित्रे काढून घ्या. वर्षभराने त्या वहीतून जे कळेल, ते कोणताही दुकानदार सांगू शकणार नाही.

शेवटी एक सावधगिरी. जास्त झालेले मासे नदीत, कालव्यात किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांवर उपाय म्हणून तो भारतात आणला गेला. तो झपाट्याने वाढतो आणि स्थानिक लहान माशांच्या जागेत घुसतो. जास्तीचे मासे ओळखीच्यांना द्या, शाळेच्या टाकीला द्या. देताना वहीतल्या त्या माशाच्या पानाची नक्कलही द्या आणि त्यावर बापाच्या नोंदीशेजारी आईची नोंद आहे ना, ते पाहून घ्या.